पंधराच्या जागी बारा

सकाळी अकराच्या सुमारास बुटांच्या कारखान्यातल्या मशीनने टाचेचा एक ठोकळा कापला. तो बारा मिलिमीटर जाडीचा यायला हवा होता. नऊचा आला.

ठोकळा कुणाच्या बुटासाठी नव्हता. जुना कॉम्प्युटर बंद पडला म्हणून नवा आणला होता आणि मशीन त्याचं ऐकतं का, एवढंच बघायचं होतं. मास्तरांची धाकटी मुलगी त्यासाठी रजा काढून आली होती. तिने ठोकळ्याला जाडी मोजायचा व्हर्नियर लावला, आकडा वाचला, व्हर्नियर पुसून पुन्हा लावला. मग आणखी एक ठोकळा कापायला लावला. तोही नऊचाच.

"चाचण्या कसल्या घेत बसलीस," मास्तर पलीकडून म्हणाले. ते लाकडी फर्म्यावर चामडं ताणत होते. ओठांत दोन खिळे होते, त्यामुळे शब्द कडेकडेने बाहेर येत होते. "वर्ष झालं, बिनबोभाट चाललंय ते."

"जुन्या कॉम्प्युटरवर कितवं व्हर्जन होतं, बाबा?"

"मला काय विचारतेस? ते आपलं आपणच नवं होत असतं. सकाळी यावं तर कात टाकून बसलेलं."

"नववं की दहावं?"

मास्तरांनी खिळे हातात घेतले. मुलीच्या आवाजात काहीतरी वेगळं होतं हे त्यांना तेव्हा कळलं, असं ते नंतर म्हणाले. त्या क्षणी ते एवढंच म्हणाले, "दहावं असेल. मागच्या वर्षी सगळे रंग बदलले होते खरे."

धाकटी खुर्चीत बसली.

मास्तरांचा कारखाना म्हणजे रस्त्याला लागून असलेल्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत गिऱ्हाईक बसतं, मागच्या खोलीत काम चालतं. मधल्या दाराला पडदा नाही, कारण माणसाची चाल बघायची तर मास्तरांना दोन्ही खोल्यांची लांबी लागते. इथे साधे बूट होत नाहीत. ज्यांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड आहे, त्यांचे होतात. डॉक्टर उंची लिहून देतात आणि मास्तर आखूड पायाच्या बुटाखाली तेवढी भर घालतात. भर दोन थरांची असते. वर कठीण फोमचा ठोकळा आणि त्याखाली तीन मिलिमीटरचा रबरी पट्टा. चालून चालून झिजला की पट्टा बदलायचा, बूट तोच राहतो. ही मास्तरांची पद्धत. डॉक्टरांनी पंधरा लिहिले तर ठोकळा बाराचा आणि पट्टा तीनचा.

बूट आखायचं सॉफ्टवेअर बाजारातलं होतं. त्याला ही वजाबाकी येत नव्हती. म्हणून धाकटीने, तेव्हा ती नुकतीच नोकरीला लागली होती, एक छोटी स्क्रिप्ट लिहून त्यात बसवली. अशा जोडकामाला प्लगिन म्हणतात. प्लगिन दुसऱ्याच्या घरात पाहुण्यासारखं राहतं, आणि यजमानाच्या सवयी बदलल्या की पाहुण्यालाही बदलावं लागतं. पाचव्या व्हर्जनमध्ये यजमानाची सवय बदलली. सॉफ्टवेअर पट्टा स्वतःच वजा करायला लागलं. तेव्हा धाकटीने प्लगिनला कामाआधी एक प्रश्न विचारायला शिकवलं: तुझं व्हर्जन कितवं? पाचच्या आधीचं असेल तर तीन वजा कर. पाचवं किंवा पुढचं असेल तर त्या भानगडीत पडू नकोस.

उत्तर मजकुराच्या रूपात यायचं. कधी ५.१, कधी ६.३. पुढे एकदा धाकटीने त्यातला फक्त पहिला आकडा उचलला आणि बाकीचा सोडून दिला. नवव्या व्हर्जनपर्यंत काहीच बिघडलं नाही. दहाव्यात मजकूर आला १०.२, आणि त्यातला पहिला आकडा एक. प्लगिनने यजमानाला अगदी पहिल्या व्हर्जनचा समजून तीन वजा केले. यजमानाने ते आधीच केले होते.

"म्हणजे?" मास्तरांनी विचारलं.

"म्हणजे वर्षभर सगळ्यांना तीन मिलिमीटर कमी गेलेत. पंधराच्या जागी बारा."

"स्क्रीनवर तर पंधराच दिसतात."

"स्क्रीनवर तुम्ही मागितलेलं दिसतं, बाबा. मिळालेलं नाही."

मागच्या खोलीत तळ चिकटवणारा कामगार काम करत होता. त्याला सगळे चिकट्या म्हणतात. कामामुळे म्हणतात, आणि चहा संपला तरी बाकावरून उठत नाही म्हणूनही. त्याने ब्रश डब्यात ठेवला.

"मास्तर," तो म्हणाला, "टपालचे बूट कधीचे?"

तारीख सगळ्यांनाच ठाऊक होती.

टपाल म्हणजे पोस्टातल्या बाई. चढावरच्या वस्तीत पत्रं वाटायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांचा डावा पाय जन्मापासून आखूड. पहिला जोड मास्तरांनी केला तेव्हा त्या शाळेत जात होत्या आणि मास्तरांच्या केसांत काळं जास्त होतं. नोकरी लागली त्या दिवशी पेढ्यांऐवजी त्या मास्तरांच्या नावाचं एक पाकीट घेऊन आल्या होत्या. रिकामं, पण शिक्का मारलेलं. "माझं पहिलं वाटप," म्हणाल्या. तेव्हापासून मास्तर त्यांना टपाल म्हणायला लागले. दारात आल्या की विचारायचे, "काय टपाल, आज काय आणलंस?" आणि त्या म्हणायच्या, "तुमचीच तक्रार आणलीय, मास्तर. सही करून घ्या."

तक्रार कधी नसायची. मागच्या वर्षीच्या जोडापर्यंत.

त्या दिवशी काय झालं ते चिकट्याने सांगितलं. तो तिथेच होता आणि धाकटीला ते माहीत नव्हतं. नवा जोड नेल्यावर काही आठवड्यांनी टपाल परत आल्या. म्हणाल्या, यावेळी काहीतरी कमी वाटतंय. नेमकं काय ते सांगता येत नव्हतं. चढ चढताना नाही, उतरताना कंबर धरते. मास्तरांनी त्यांना मशीनपासून दारापर्यंत चालवलं. मग स्क्रीनवर त्यांचं पान काढलं. पंधरा.

"बूट तेच आहेत गं," मास्तर म्हणाले. "वय नवं आहे."

पुढच्या खोलीत आणखी दोन गिऱ्हाइकं बसली होती. ती हसली. चिकट्या हसला. टपालही हसल्या, आणि म्हणाल्या, "मग वयाखाली पट्टा लावा एखादा."

"तो लावता आला असता तर मी आधी माझ्याखाली नसता लावला?"

त्यानंतर त्यांनी तक्रार केली नाही. अधूनमधून नुसत्या यायच्या, मग तेही कमी झालं. मध्यंतरी पोस्टातल्या कुणीतरी सांगितलं की त्यांनी वाटपाचं काम सोडून पार्सलच्या खिडकीवर बदली मागितलीय. कंबर साथ देत नाही म्हणून.

"फळ्या लावून नाही बघितलंत?" धाकटीने विचारलं.

मास्तरांकडे वेगवेगळ्या जाडीच्या लाकडी फळ्यांचा जुडगा आहे. आखूड पायाखाली एकेक फळी सरकवायची आणि कमरेची दोन्ही हाडं एका रेषेत कधी येतात ते हाताने बघायचं. दोन मिनिटांचं काम. जुडगा खिडकीखालीच असतो, त्या दिवशीही होता.

"गर्दी होती," मास्तर म्हणाले. मग म्हणाले, "गर्दी काय, दोन माणसं होती. स्क्रीनवर पंधरा होते. तू लिहिलेलं होतं. मला वाटलं, यापुढे आपण काय बघायचं."

धाकटीला हे वाक्य फार लागलं. त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. कारण मूळ स्क्रिप्टमध्ये एक ओळ होती, जी आता नव्हती. यजमानाचं व्हर्जन ओळखीचं नसेल तर प्लगिनने काम थांबवायचं आणि स्क्रीनवर एक चौकट दाखवायची: हे व्हर्जन माझ्या ओळखीचं नाही, ठोकळा मोजून मगच पुढे जा. मोजलेला आकडा भरेपर्यंत चौकट हलत नसे. मास्तर तिला पाटी म्हणायचे. सॉफ्टवेअर तेव्हा दर थोड्या दिवसांनी स्वतःला किंचित नवं करायचं, आणि दर वेळी पाटी यायची.

"तुझी ती पाटी परत आलीय," मास्तरांचा फोन यायचा. धाकटी ऑफिसात असायची.

"आकडा भरा ना बाबा. मोजायचं आणि भरायचं."

"समोर गिऱ्हाईक बसलंय. त्याच्यासमोर कॉम्प्युटर म्हणतो, मी याला ओळखत नाही. माझी काय इज्जत राहिली?"

"विचारलेलं बरं असतं."

"अगं, घरातल्या माणसाला रोज सकाळी कुणी नाव विचारतं का? तुझ्या प्लगिनला एवढा संशय का?"

एका दुपारी असा फोन आला तेव्हा तिच्या ऑफिसात मोठ्या कामाची मुदत होती. तिने फोन मानेत धरला, फाइल उघडली आणि पाटी काढून टाकली. ओळखीच्या व्हर्जनांची नोंद ठेवायची तर ती सतत वाढवावी लागली असती, म्हणून तीही काढली आणि त्या जागी पहिल्या आकड्याची युक्ती घातली. चालवून बघितलं, चाललं. मास्तर खूश झाले. आईला सांगितलं, "पोरीने फोनवर बोलता बोलता दुरुस्त केलं."

ऑफिसात दुसऱ्या कुणी असं लिहून आणलं असतं तर तिने ते परत पाठवलं असतं. नऊनंतर दहा येतात हे काही गुपित नव्हतं. पण ऑफिसातलं काम दुसरा माणूस तपासतो. घरच्या कामाला पगार नसतो, तसा तपासनीसही नसतो.

त्या दिवशी दुपारी कारखान्याचं पुढचं दार ओढून घेतलं गेलं आणि दोघांनी वर्षभरातल्या गिऱ्हाइकांना फोन लावले. बरेचसे बूट या चुकीतून सुटले होते. ज्यांना पट्ट्याशिवाय जोड हवा होता, त्यांच्या बाबतीत प्लगिन मधे पडलंच नव्हतं. एका शाळकरी मुलीचे बूट पाय वाढल्याने केव्हाच लहान झाले होते. एक गृहस्थ म्हणाले, "मला तर उलट बरं वाटत होतं हो," आणि मास्तरांनी त्यांनाही येऊन मोजून जायला सांगितलं. एका बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "हे तुम्हाला आज कळलं?" मास्तर म्हणाले, "हो." त्यांनी फोन ठेवला.

टपालना फोन लावायची वेळ आली तेव्हा मास्तर म्हणाले, "तिला फोनवर नको."

"मग?"

"नवा जोड करतो. तिचा फर्मा इथेच आहे. करून पाठवून देतो. म्हणावं, जुना झिजला असेल, हा घाल."

"आणि आधीच्याचं काय सांगणार?"

"बरं वाटलं की झालं ना. सांगून काय मिळणार आहे तिला?"

"तुमचं ते वयाचं वाक्य मागे घेतलेलं मिळेल," धाकटी म्हणाली.

मास्तर उठून मागच्या खोलीत गेले. त्यांनी मशीन पुसायला घेतलं, जे स्वच्छच होतं.

संध्याकाळी जेवताना विषय पुन्हा निघाला. मास्तर म्हणत होते, चूक माझी, डोळ्यांसमोर माणूस चालत होतं आणि मी स्क्रीन बघितला. धाकटी म्हणत होती, चूक माझी, पाटी काढायला नको होती. हे बराच वेळ चाललं. आवाज चढले. आईने दोघांच्या ताटांकडे बघितलं.

"तुम्ही चुकीवरून भांडताय की वाटणीवरून?" ती म्हणाली. "अर्धी-अर्धी घ्या. पण आधी त्या पोरीला सांगून या. ती बिचारी अजून वयालाच दोष देतेय."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत दोघं पोस्टात गेले. पार्सलची खिडकी इमारतीच्या मागच्या बाजूला आहे. टपाल उंच स्टुलावर बसल्या होत्या. डावा पाय स्टुलाच्या आडव्या दांडीवर होता, उजवा लोंबत होता. पायात मास्तरांचे बूट होते.

"काय मास्तर," त्या म्हणाल्या, "आज तुम्ही टपाल आणलंत?"

मास्तर म्हणाले, "सहज आलो."

"सहज? आणि लेकीला घेऊन? पार्सल करायचंय का हिला? वजन करावं लागेल."

धाकटी हसली नाही. टपालनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा मास्तरांकडे, आणि खिडकीवर 'बंद' ची पाटी उभी केली. मागे लोखंडी कपाटांच्या मधे एक टेबल होतं, तिथे त्यांना घेऊन गेल्या. टेबलापर्यंतचं अंतर थोडंच होतं. मास्तर त्यांच्या मागून चालले आणि मान खाली घालून त्यांची कंबर बघत राहिले. आता कुणालाही दिसलं असतं, असं ते म्हणतात. कदाचित आता माहीत होतं म्हणून दिसलं असेल.

मास्तरांनी बोलायची तयारी केली होती. घरून निघताना दोनदा म्हणूनही बघितलं होतं. प्रत्यक्षात ते टेबलावरच्या दोऱ्याच्या रिळाशी खेळत बसले.

"माप घ्यायचं होतं," ते म्हणाले. "नवा जोड करतो म्हटलं."

"अजून हा चांगलाय की. आणि आता चालायचंय कुठे? स्टुलापर्यंत. वय झालं मास्तर, तुम्हीच तर म्हणालात."

रीळ हातातून सुटलं आणि टेबलाखाली गेलं. ते काढायला कुणी वाकलं नाही.

"मी तुला पंधराच्या जागी बारा दिले," मास्तर म्हणाले. "वर्षभर. तू सांगायला आलीस, तेव्हा मी मोजलं नाही. थट्टा केली."

टपालना समजलं नाही. धाकटीने सांगितलं. प्लगिन काय असतं ते सांगितलं, व्हर्जनचं सांगितलं, दहाचा पहिला आकडा एक असतो हे सांगितलं. सांगताना तिला स्वतःलाच ते फार क्षुल्लक वाटलं. ते तसंच होतं. टपाल मधेच म्हणाल्या, "म्हणजे मोठ्या माणसाला त्याने बाळ समजलं," आणि धाकटी म्हणाली, "हो. तसंच." पाटीचंही सांगितलं. पाटी कुणी काढायला लावली हे सांगताना ती थांबली, तर मास्तर म्हणाले, "मी."

मग टपालनी एकच प्रश्न विचारला.

"म्हणजे ते वय नव्हतं?"

मास्तरांनी मुलीकडे बघितलं. हो म्हणायचा मोह धाकटीला झाला. तेवढ्याने त्या बाईचा वर्षभराचा अपमान धुऊन निघाला असता.

"माहीत नाही," ती म्हणाली. "तीन मिलिमीटरने कंबर धरू शकते, असं डॉक्टर म्हणतात. धरलीच असेल असं कुणी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. नव्या जोडाने महिना-दोन महिने चालून बघितल्यावर कदाचित कळेल."

बाहेर कुणीतरी खिडकीच्या काचेवर नाणं वाजवत होतं.

"मी घरी सगळ्यांना सांगितलं," त्या म्हणाल्या. "वय झालं म्हणून. मुलाने माझी खाट खालच्या खोलीत आणली. पिशव्या उचलू देत नाही. आणि मी देते. आधी चिडायचे, आता देते." त्या डाव्या बुटाकडे बघत होत्या. "चढावर एक म्हातारे राहतात. त्यांना पत्र येत नाही. तरी मी रोज फाटकापाशी थांबून 'आज काही नाही' म्हणायचे. आता तिथे नवा पोरगा जातो. पायाने चांगलाय, दोन-दोन पायऱ्या चढतो. पण पत्र नसेल तिथे कशाला थांबेल तो?"

"बदली परत घेता येते का?" धाकटीने विचारलं.

"येते. या महिनाअखेरपर्यंत लिहून दिलं तर. मग रस्ता कायमचा त्याचा."

महिनाअखेर पुढच्या आठवड्यात होती.

"मी परवापर्यंत करून देतो," मास्तर म्हणाले. "बाकी सगळं बाजूला ठेवतो."

"आणि दोन महिने चालल्याशिवाय कळणार नाही म्हणता." टपाल हसल्या. ते हसणं कारखान्यातल्यासारखं नव्हतं. "म्हणजे मी आधी उडी मारायची आणि मग पाणी किती ते बघायचं."



टपाल उठल्या, रीळ त्यांनीच वाकून उचललं, आणि वाकताना एक हात टेबलाला धरला. "करून ठेवा," त्या म्हणाल्या. "बघते." त्यांनी खिडकीवरची पाटी काढली. दोघं दारापर्यंत पोचले तेव्हा मागून आवाज आला, "मास्तर, मोजून करा."

मास्तरांनी वळून बघितलं. टपाल समोरच्या माणसाचं पार्सल वजनकाट्यावर ठेवत होत्या. ती थट्टा होती की नाही, यावर बापलेकीचं अजून एकमत नाही.

जोड सांगितलेल्या दिवशी तयार झाला. ठोकळा कापल्यावर मास्तरांनी मोजला, धाकटीने मोजला, आणि कुणी सांगितलं नसताना चिकट्यानेही मोजला. बारा. पट्टा लावून पंधरा.

मधल्या वेळात धाकटीने प्लगिन नव्याने लिहिलं. आता ते यजमानाला व्हर्जन विचारत नाही. ते त्याला एक लुटूपुटूची मागणी देतं, पंधराची, आणि उत्तर काय येतं ते बघतं. बारा आले तर पट्टा त्याने वजा केला आहे. पंधरा आले तर केलेला नाही. तिसरंच काही आलं तर थांबायचं आणि पाटी दाखवायची.

"हे आधीच असं का नव्हतं लिहिलं?" मास्तरांनी विचारलं.

"आकडा विचारणं सोपं होतं."

मास्तरांनी मान हलवली. पाटीवर काय लिहायचं, यावरून थोडी चर्चा झाली. धाकटीने जुनंच वाक्य घातलं होतं. मास्तर म्हणाले, 'ओळखीचं नाही' कशाला, सरळ लिही, 'माणसाला विचारा'. धाकटी म्हणाली, ठोकळा मोजायचाय, माणसाला काय विचारणार? मास्तर म्हणाले, तेच तर. शेवटी दोन्ही वाक्यं ठेवली. दुसऱ्याच सकाळी मास्तरांनी सॉफ्टवेअरमध्ये मुद्दाम पट्ट्याची चुकीची जाडी भरून पाटी येते का ते बघितलं. पुढच्या खोलीत गिऱ्हाईक बसलेलं होतं. पाटी आली. मास्तरांनी स्क्रीन त्याच्याकडे वळवून दाखवला.

टपालना कळवलं. मेसेज वाचला गेल्याची खूण आली, उत्तर आलं नाही. मास्तरांनी पुन्हा कळवायचं नाही असं ठरवलं आणि एकदा तरीही कळवलं. पोस्टातला एक माणूस चपलेचा अंगठा शिवून घ्यायला आला होता. असल्या कामाला एरवी मास्तर नाही म्हणतात, यावेळी हो म्हणाले. काम करता करता त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, बाईंनी परवा साहेबांकडून एक कोरा अर्ज नेलाय. कशाचा ते माहीत नाही. बदलीचाही असेल, रजेचाही असेल. पार्सलच्या खिडकीवर रोज येतात. जुनेच बूट घालून येतात.

धाकटीची रजा संपली. निघताना तिने फळीवरचा जोड बघितला. दाराजवळच्या फळीवर, डोळ्यांच्या उंचीला ठेवला होता, म्हणजे आत येणाऱ्याला आधी तोच दिसावा. डाव्या बुटात मास्तरांनी एक रिकामं पाकीट ठेवलं होतं. वर फक्त टपालचं नाव होतं, आणि तिकीट चिकटवलेलं. शिक्का नव्हता.

"हे काय?" तिने विचारलं.

"असू दे," मास्तर म्हणाले.

काल महिन्याचा शेवटचा कामाचा दिवस होता. पोस्टाचं कार्यालय नेहमीच्या वेळेला बंद झालं. अर्ज दिला गेला का, हे कारखान्यात कुणाला कळलेलं नाही. संध्याकाळी धाकटीचा फोन आला तेव्हा मास्तर दार ओढून घेत होते. जोड फळीवर होता.